कट्ट्यावरची थोरली

बनाबाई वारली की काय, असं बुधवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. चौकातल्या दूध कट्ट्याच्या बरोबर डोक्यावर, एक टोक विजेच्या खांबाला आणि दुसरं पिंपळाच्या फांदीला बांधून, दारापेक्षा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर निळे ढग, ढगांतून येणारी किरणं आणि मधोमध बनाबाईचा चेहरा. चेहरा मुलाच्या लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला, त्यामुळं एका बाजूला कुणाच्या तरी शालूचा खांदा तसाच राहून गेलेला. कोल्हापुरात माणूस ढगांत दोनदाच जातो, वाढदिवसाला नाहीतर गेल्यावर. बनाबाईचा वाढदिवस कधी असतो हे खुद्द तिलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा लोकांनी लांबूनच हात जोडले आणि पुढं गेले.

जवळ जाऊन बघणाऱ्यांना खालची ओळ वाचता आली. 'यशस्वी गृहिणी, आदर्श माता श्रीमती बनाबाई यांची निवांत ज्येष्ठ नागरिक संघाच्या सदस्यपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, सम्राटदादा मित्रपरिवार.'

जिची निवड झाली होती तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती घरामागच्या गोठ्यात कोपरापर्यंत शेणात हात घालून बसली होती. तेवढ्यात म्हशींचा व्यापारी गुंडू दारात येऊन उभा राहिला आणि तिच्याकडं बघून त्यानं मोठा श्वास सोडला.

"हायसा व्हय वैनी. मी तर चौकात गाडीच थांबवली."

"न्हाय, मेलो. भूत शेण काढतंय. सकाळी सकाळी काय काढलायसा?"

"तसं न्हाय, फ्लेक्स बघून दचकलो. मग वाचला. म्हटलं बरं झालं, वैनी सुटल्या एकदाच्या." गुंडूचे डोळे मात्र तिच्यावरून केव्हाच निघून गौरा म्हशीच्या कासेवर गेले होते. "सम्राट बोलला हुता, एकदा बघून जावा म्हणून. ही दुसऱ्या वेताची न्हवं?"

बनाबाई उठली. उठताना तिनं खुंटाचा आधार घेतला, कारण डावा गुडघा आताशा एका दमात सरळ होत नसे. शेणाचे हात तसेच धरून ती गुंडू आणि म्हैस यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं म्हशी इकायच्यात?"

गुंडूनं तिचं तोंड बघितलं, मग तिचे हात बघितले. "नंतर येतो," म्हणाला आणि गेला. या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला मालकीण कधी हात उगारेल आणि म्हैस कधी लाथ मारेल, हे बरोबर कळतं.

हातपाय धुऊन ती चौकात गेली, फ्लेक्स बघितला आणि परत आली. वाटेत तिघांनी अभिनंदन केलं, एकीनं तर पायच धरले.  घरात येऊन सुनेला म्हणाली, "स्नेहल, ह्यो काय परकार हाय?"

स्नेहल पोळ्या लाटत होती. ती लाटणं बाजूला ठेवून हात पुसत पुसत उठली, आणि टीव्हीखालच्या कप्प्यातून एक छापील कागद काढून तिनं सासूच्या हातात दिला. "आत्ती, मी यांना म्हटलं होतं, आधी आईंना विचारा. म्हणाले, रविवारी निवांत सांगतो. तोवर मित्रांनी फ्लेक्स लावूनच टाकला."

तो संघाचा अर्ज होता. बनाबाई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा लावून एकेक रकाना वाचला. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं मुलाच्या, सम्राटच्या अक्षरात. 'निवृत्तीपूर्वीचं पद अथवा व्यवसाय' या रकान्यापुढं लिहिलं होतं, गृहिणी. खाली सहीची जागा तेवढी मोकळी.

ती त्या शब्दाकडं बघतच राहिली.

एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा जोतीराम धार काढता काढताच छातीत कळ येऊन गेला. ती पस्तिशीची, सम्राट नऊ वर्षांचा. पेठेतल्या कट्ट्यावर म्हशी नेऊन बांधायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळतं दूध ग्लासात द्यायचं, हे तिथं बापजाद्यांपासून चालत आलेलं. पण ते गड्यांचं काम. बायकांनी गोठ्यात राबावं, वैरण कापावी, शेण थापावं. चौकात चार माणसांसमोर म्हशीखाली बसायचं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बनाबाईनं पदर खोचला, म्हशीचं दावं धरलं आणि जोतीरामच्या जागेवर नेऊन बांधलं. पहिला आठवडा गिऱ्हाइकच आलं नाही. बाईमाणूस चौकात उकिडवं बसतंय, हे आता बघायचं राहिलं होतं, असं जे मोठ्यानं म्हणाले त्यांत कचेरीतले हेडक्लार्क गणपतरावही होते. महिन्याभरानं तेच स्वतः ग्लास घेऊन आले, कारण दूध नव्या बाईचं असलं तरी म्हैस तीच होती आणि शेजारचा गवळी पाणी घालत होता. त्या दुधावर सम्राट शिकला, डिप्लोमा झाला, शिरोलीच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. घरावर दोन मजले चढले. आणि आता त्यानंच हे लिहिलं होतं.

"लाव फोन," ती स्नेहलला म्हणाली. "त्यो स्पीकर का काय असतोय त्यो लाव."

सम्राट यंत्रांच्या खडखडाटात होता. "आई, आता कामात हाय गं, संध्याकाळी बोलू की."

"गृहिणी कुणी लिव्हलं?"

"काय?"

"अर्जावर गृहिणी लिव्हलंयस. कुणाला इचारून?"

पलीकडचा खडखडाट कमी झाला, तो बाहेर आला असावा. मग तो म्हणाला, "मग काय लिहायचं? म्हैसवाली लिहू? तिथं सगळे रिटायर साहेब लोक येतात आई. मास्तर हाईत, इंजिनिअर हाईत. तुला तिथं मान मिळावा म्हणून धडपडतोय मी."

"आणि गुंडूला म्हशी बघायला लावून दिलास, त्यो पण मानासाठीच?"

"गेल्या महिन्यात गोठ्यात पडलीस ते इसरलीस का? अर्धा तास शेणात पडून हुतीस, स्नेहल आली म्हणून. डॉक्टर काय म्हणाला ठावं हाय की. आणि माझ्या सायबानं परवा गाडीतून बघितलं तुला चौकात. म्हणतोय, सम्राट, आई अजून म्हशीखाली बसते? मी काय सांगू त्याला?"

"सांगायचं की, व्हय, बसती म्हणून. तोंडात काय धरलंतास?"

"आई—"

"तुझ्या दोस्तांना सांग, धारंच्या येळंपातूर त्यो फ्लेक्स उतरला पायजे. न्हायतर मी कोयता घिऊन चढतो."

स्नेहलनं फोन बंद केला. पोळी तव्यावर करपली होती, ती तिनं गपचूप बाजूला काढली. दुसरी लाटायला घेत खाली बघतच म्हणाली, "मीही गृहिणीच लिहिते सगळीकडं."

"तू हायस म्हणून लिव्हतीस. बी.ए. होऊन घर सांबाळतीस, त्यात कमीपणा न्हाय. मी न्हाय ना पर. मी घर कवा सांबाळलं? तूच सांग, माज्या हातचं धड कालवण तरी खाल्लंयस का कवा?"

स्नेहलला हसू आलं, पण सासूचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

बनाबाईला राग आला होता, आणि त्या रागाखाली आणखी एक गोष्ट होती जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. संघाचं विरंगुळा केंद्र कट्ट्यासमोरच, वीस पावलांवर. गेल्या पावसाळ्यापासून म्हशी बांधताना तिची नजर तिकडं जायची. पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले असायचे. शनिवारी बायकांचं भजन असायचं. कुणीतरी रक्तदाब तपासायला यायचं. गुडघा ठणकत असला की तिला वाटायचं, आपणही एक दिवस तिथं जाऊन नुसतं पाठ टेकून बसावं, कुणी चहा दिला तर घ्यावा. दिवाळी होऊ दे, मग आपणच जाऊन विचारू, असंही तिनं मनाशी धरलं होतं. तेवढंही तिला तिच्या तोंडानं मागू दिलं नव्हतं. परस्पर मागून, ढगांत चिकटवून, वर म्हशी विकायला काढल्या होत्या.

चार वाजता तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, अर्ज घेतला आणि केंद्र उघडल्याबरोबर आत गेली.

गणपतराव अध्यक्षांच्या टेबलामागं बसले होते. चौऱ्याहत्तरीचे, पांढऱ्या मिशा कापून नीट ठेवलेल्या. "या या बनाबाई. शंभर वर्षं आयुष्य आहे, आत्ताच तुमचा विषय झाला. बसा की."

ती बसली नाही. भिंतीवरचा सदस्यांचा फलक वाचत राहिली. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त शाखा अभियंता, निवृत्त अधीक्षक. खाली अकरा बायकांची नावं आणि अकराजणींच्याही पुढं एकच शब्द, गृहिणी. त्यांतल्या एकीनं चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला होता. बनाबाईच्या अंगावरची चोळी तिच्याच हातची होती.

"ह्यांची सगळ्यांची निवृत्ती कवा झाली?" तिनं फलकाकडं बोट करून विचारलं.

"कुणाची?"

"ह्या अकराजणींची. गड्यांच्या म्होरं निवृत्त लिव्हलंय, ह्यांच्या म्होरं न्हाय. म्हंजे ह्या अजून कामावरच हाईत की."

कॅरम खेळणारे दोघे थांबले. गणपतराव हसले, समजूतदार माणूस हसतो तसं. "बनाबाई, तो नुसता नमुना असतो कागदाचा. त्याचं काय एवढं. तुमचा अर्ज आला तर आम्हाला आनंदच आहे. परवा मीच सम्राटला म्हणालो, आता कोजागिरीचं दूध आटवायची जबाबदारी तुमच्या आईकडं. अख्ख्या पेठेत त्यांच्याइतकं दुधातलं कुणाला कळतं?"

"हे ठावं हाय की तुमास्नी."

"म्हणजे काय? तीस वर्षं दूध पितोय तुमचं."

"मग कागदावर आलं की ते कसं इसरतं?" तिनं टेबलावरचं पेन उचललं, 'गृहिणी' शब्दावर आडवी रेघ मारली आणि बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हशी पाळणे. वरच्या 'निवृत्तीपूर्वीचं' या छापील शब्दावरही काट मारली आणि लिहिलं, चालू. अर्ज फिरवून त्यांच्यापुढं ठेवला. "हे चालतंय का बगा."

गणपतरावांनी चष्मा लावला, काढला. "हे असं... संघाच्या घटनेत निवृत्त व्यक्ती असं आहे. तुम्ही आता काम सोडणारच आहात ना? सम्राट म्हणाला तसं. आणि स्पष्टच बोलतो, सभासदानंच केंद्राच्या दारात म्हशी बांधायच्या, शेण पडायचं, ते बरं दिसत नाही. बाहेरचे पाहुणे येतात."

"शेण एकतीस वरसं पडतंय. तुमी त्यातनंच चालत येतायसा ग्लास घिऊन."

 त्याच वेळी मागच्या दारातून धोंडुबाई चहाच्या कपांचा ट्रे घेऊन आली. ही बाई केंद्र उघडल्यापासून तिथं होती. झाडलोट करायची, चहा करायची, सगळे गेले की कुलूप लावायची. पाठीतून वाकलेली, पण ट्रे हलू द्यायची नाही.

बनाबाई तिच्याकडं बघत राहिली. ती भांडायला म्हणून आली होती आणि तिचं भांडण स्वतःपुरतंच होतं. धोंडुबाईला ती रोज बघायची, रोज हाक मारायची. पण हिचं नाव फलकावर का नाही, हा प्रश्न तिच्याही डोक्यात याआधी कधी आला नव्हता, आणि त्याचाही तिला राग आला.

"धोंडुआक्का, तुजं वय किती?"

"आता गं बया, मला काय ठावं. कोयनंचा भूकंप झाला तवा माजी दुसरी पोटात हुती. मांडणीवरची भांडी पडलेली आटवतात की."

"म्हंजे ऐंशीच्या घरात. ह्या खोलीत तुज्यापरास थोरलं हाय का कोण?"

धोंडुबाईनं एकेकाकडं बघितलं, जणू भाज्या निवडतेय. "न्हाय बग. सगळी माज्या म्होरंची पोरं."

"मग तू मेंबर हायस का हितली?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "मी गं कशाची मेंबर. मी केर काढती."

"त्या कामाला आहेत इथं," गणपतराव घाईनं म्हणाले. "त्यांना कधी कुणी नाही म्हटलेलं नाही, पण..."

"व्हय म्हटलंय का कुणी?"

गणपतरावांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मी दिवाळी झाल्यावर आपणहून येणार हुतो हितं," बनाबाई म्हणाली. आवाज आता खाली आला होता, त्यामुळं तो जास्तच लागत होता. "माजा गुडगा गेलाय, मला कळतंय. चार घटका बसायला जागा मिळाली असती तर मला पायजेच हुती. पर म्हशी सोडून या, नाव पुसून या, आणि वर दूध तेवडं आटवून द्या. असल्या खुर्चीत मला न्हाय बसायचं." अर्जाची घडी घालून तिनं ती कमरेला खोचली आणि बाहेर पडली.

सहा वाजता ती नेहमीसारखी म्हशी घेऊन कट्ट्यावर आली. फ्लेक्स अजून वर होता. ढगांतली बनाबाई हसत होती आणि खालची बनाबाई वैरण टाकून म्हशी बांधत होती. गिऱ्हाइकांना सकाळपासून विनोद सुचत होते, पण तिच्या कपाळावरची आठी बघून सगळे गप्प उभे राहिले.

जोतीरामनं कट्ट्यावर एक रीत घालून दिली होती. पहिली धार जमिनीला, अंबाबाईच्या नावानं. आणि पहिला ग्लास रांगेत कोण आधी आला ते न बघता, जो वयानं थोर असेल त्याला. पैलवान येवो, साहेब येवो, रीत मोडायची नाही. बनाबाईनंही ती कधी मोडली नव्हती. गेली सहा-सात वर्षं तो पहिला ग्लास गणपतरावांचा होता. आजही ते आले, कापडी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून. भांडण झालं म्हणून दूध चुकवणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे. ते सवयीनं पुढं येऊन उभे राहिले आणि सवयीनं त्यांनी ग्लास पुढं केला.

रेडकू सोडल्यावर गौराला पान्हा आला. बनाबाई खाली बसली. पहिली धार मातीत गेली. मग तिनं ग्लास घेतला, पण तो गणपतरावांचा नव्हता. स्वतःच्या पिशवीतला, पितळी, जोतीरामचा. तो काठोकाठ फेसानं भरला आणि केंद्राकडं तोंड करून हाक मारली.

"धोंडुआक्का, कुलूप लावलंस का? ये हिकडं."

धोंडुबाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत रस्ता ओलांडून आली. ग्लास बघून थबकली. "मला कशाला गं?"

"रीत हाय. थोरल्यानं आदी. मीच इतकी वरसं चुकत हुतो. घे."

धोंडुबाईनं दोन्ही हातांनी ग्लास धरला. चौकातली पंधरा-वीस माणसं बघत असताना तिला तो घशाखाली उतरवायला वेळ लागला. गणपतरावांचा हात पुढं आलेला तसाच होता. शेवटी त्यांनी तो मागं घेतला.

"आता तुमी," बनाबाई म्हणाली. "दुसरा लंबर तुमचाच हाय, त्यात मी खोट करणार न्हाय." त्यांचा ग्लास भरून देताना ती पुढं म्हणाली, "उद्या दोन अर्ज पाटवा. एक आक्काचा. तिच्या म्होरं सफाई कामगार लिव्हा, नीट अक्षरात. तिचा मंजूर झाला की मग माजा भरतो, चालू म्हणून."

"घटनेत बसत नाही ते, बनाबाई."

"मग बसवा की. निवांतच हायसा."

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. गणपतरावांनी ग्लास तोंडाला लावला. मिशीला फेस लागला, तो त्यांनी रुमालानं पुसला, आणि 'बघतो' म्हणाले की नुसतं घसा साफ केला, हे कुणाला नीट कळलं नाही.

सम्राट तेवढ्यात आला. कारखान्याचा निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, गाडी लावून तडक पिंपळाखाली. आईकडं न बघताच तो कठड्यावर चढला, दोऱ्या कापल्या, आणि ढगांसकट बनाबाई खाली आली. त्यानं फ्लेक्सची गुंडाळी केली आणि तो रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. 

शेवटचं गिऱ्हाइक गेलं. बनाबाईनं उठायला खांबाला हात घातला. सम्राट पुढं झाला, तिनं मानेनंच नको म्हटलं आणि दोन दमांत उभी राहिली.

"फेकू नगंस ते," ती गुंडाळीकडं बघून म्हणाली. "वैरणीवर घालायला हुईल. चेहरा खाली करून घाल."

"आई, मी गुंडूला नको म्हणून सांगितलंय."

"सांगणारच की. म्हैस कुणाची हाय?" तिनं दुसऱ्या म्हशीचं, काशीचं दावं सोडून घेतलं आणि गौराचं त्याच्यापुढं धरलं. "ज्या दिवशी खाली बसून उटता येणार न्हाय, त्या दिवशी मीच सांगीन. तवर घरला न्यायला हात लाव. गुडग्याची एवडी काळजी हाय तर दावं धर."

सम्राटनं इकडंतिकडं बघितलं. चौक भरलेला होता, रस्त्यावर कारखान्यातून सुटलेल्यांच्या गाड्या होत्या. एका काखेत फ्लेक्सची गुंडाळी धरून त्यानं दुसऱ्या हातानं दावं घेतलं. गौरानं एकदा त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि चालायला लागली. पुढं काशीला घेऊन बनाबाई, मागं तो.

"जरा कडंनं घे," ती मागं न बघता म्हणाली. "आणि शेपटी सांबाळ, सायेब. कापडं घाण हुतील."